नावाची बिस्किटं

शिरूर ते दौंड या पट्ट्यात, म्हणजे घोडनदीच्या पुलापासून भीमेच्या काठापर्यंत, आमच्या आत्याबाईंनी ज्याला निदान एक प्रश्न विचारला नाही असा माणूस शोधून सापडला नसता. सापडलाच असता तर तो पाळण्यातला असता. आणि त्यालाही त्यांनी ‘का रडतोस रं’ असं विचारून उत्तरासाठी थोडा वेळ थांबून पाहिलं असतं. आत्याबाई म्हणजे माझ्या यजमानांच्या आत्या, माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. शिरूरच्या एका मुलींच्या शाळेत त्या शिपाई होत्या. घंटा देणं, वर्ग झाडणं, पाण्याचे माठ भरणं ही त्यांची कामं. पण खरा मुक्काम वर्गाच्या खिडकीखाली. आत जे काही शिकवलं जाई ते सगळं त्या बाहेर उभ्या राहून, झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकवून ऐकत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे एकदा त्यांच्या कानावर पडलं, तेव्हा त्यांनी भूगोलाच्या बाईंना वर्गाबाहेर गाठलं आणि असं असेल तर आपला झाडू रोज ठेवल्या जागीच कसा सापडतो, अशी चौकशी केली. बाईंनी बरंच समजावून सांगितलं. आत्याबाईंना ते पटलं नाही, पण त्यांनी ते टाकूनही दिलं नाही. “बघू,” म्हणाल्या. त्यांचं पुष्कळसं ज्ञान असं ‘बघू’ म्हणून बाजूला काढून ठेवलेलं असे.

इतकी वर्षं शाळेत काढून त्यांना वाचता मात्र येत नव्हतं. मी लग्न होऊन दौंडला आले तेव्हा नवी नवी, उत्साही होते. सुट्टीत त्या आमच्याकडे आल्या की अक्षरं शिकवते म्हणून मागे लागायची. एकदा त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, नीट विचार केला आणि नकार दिला. “मला वाचाय यायला लागलं तर मंग मी कुनाला काय इचारू? आन् मानसं माझ्याशी बोलतील कशापायी?” त्यांना पाटीवरचं गाव विचारायचं असे, कारण ते सांगणारा माणूस गावाबरोबर स्वतःचंही थोडंफार सांगतो. एसटीच्या पाटीनं आजवर कुणाला आपल्या सुनेबद्दल काही सांगितलेलं नाही.

एसटी हा त्यांचा दुसरा वर्ग. शिरूरहून दौंडला यायला निघालेल्या आत्याबाई एकदा दिवेलागणीपर्यंत आल्याच नाहीत. आबा, म्हणजे माझे सासरे, स्टँडवर दोन खेपा करून आले. शेवटी त्या उगवल्या त्या भलत्याच गाडीतून. झालं होतं असं, की शिरूर स्टँडवर शेजारी बसलेली बाई आपल्या जावयाची हकिकत सांगत होती. जावई घर सोडून गेलेला, तिथपर्यंत आली आणि तिची नगरची गाडी लागली. आत्याबाई तिच्याबरोबर नगरच्या गाडीत चढल्या, तिकीट काढलं, जावई परत आला हे ऐकून घेतलं, आणि मगच उतरून उलट्या फिरल्या. आबा चिडले होते. पण जेवताना त्यांनीच हळूच विचारलं, की तो जावई गेला कुठे होता. आत्याबाईंनी ती हकिकत मग पहिल्यापासून सांगितली. आबांचा भात गार झाला.

आबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होते. आमचं मूळ गाव वडगाव रासाई. तिथल्या वस्तीतून शिकून बाहेर पडलेला आणि खुर्चीवर बसून नोकरी करणारा घरातला पहिला माणूस म्हणजे आबा. त्यांच्या शर्टाची कडक इस्त्री, त्यांचं वेळेवर जाणं, कॉलनीत कुणाशी मोठ्यानं न बोलणं, या सगळ्यामागे एक जपणूक होती. ती मला तेव्हा नुसता कडकपणा वाटे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात आबा, हे आणि मी. हे लोको शेडमध्ये, बहुतेक रात्रपाळीला. दिवसा हे झोपत आणि घरातला कुठलाही प्रश्न विचारला तर कूस बदलून म्हणत, आबांना विचार. त्या भाच्याला हलवून जागं करून प्रश्न विचारणारं कॉलनीत एकच माणूस होतं, आणि ते सुट्टी लागली की शिरूरहून येई.

दुपारी घर असं शांत असताना मी लिहायला लागले. कुणाला सांगितलं नव्हतं असं नाही. कुणी विचारलं नव्हतं. आत्याबाईंनी अर्थात विचारलं. मी म्हटलं, गोष्ट लिहितेय. कुणाची, तर म्हटलं हौसा नावाच्या एका भाजीवालीची. ही कोण, कुठली, कुणाची, हे प्रश्न ओघानं आलेच. तशी कुणी नाही, मी मनानंच रचलीय, असं मी सांगितलं. नसलेल्या माणसाची इतकी काळजी कुणी घेत असेल हे त्यांना नवीन होतं. “बघू,” त्या म्हणाल्या.

ती गोष्ट मी पुण्याच्या एका मासिकाला पाठवली आणि विसरून जायचा प्रयत्न केला. उत्तर आलं ते उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीतल्या एका दुपारी, आणि ते मला सगळ्यांत शेवटी कळलं. पोस्टमन दारात आला तेव्हा मी मागं धुणं वाळत घालत होते. पुढच्या दारात आत्याबाई बसल्या होत्या. त्यांनी पोस्टमनला पाणी दिलं, त्याच्या गुडघ्याची चौकशी केली आणि कार्डावर काय लिहिलंय ते वाचून घेतलं. उघडंच कार्ड ते. त्यानंही बसून सावकाश वाचलं. मग दोघांनी मिळून ‘स्वीकारली आहे’ याचा अर्थ काय असावा यावर चर्चा केली. ओलं लुगडं हातात घेऊन मी आत आले तर आत्याबाई दारातूनच म्हणाल्या, “तुझी हौसा त्यांनी ठिवून घेतली म्हनं.”

मी कार्ड दोनदा वाचलं. गोष्ट आवडली होती, ते छापणार होते. खाली एक ओळ होती: आपले नाव कसे छापावे ते उलट टपाली कळवावे. काय करावं ते सुचेना म्हणून मी पुन्हा जाऊन उरलेलं धुणं वाळत घातलं. आत्याबाई माझ्यामागून, दोरीच्या पलीकडून विचारत होत्या. किती जण वाचतील? सगळे एकाच वेळी वाचतील का? मोठ्यानं वाचतील का मनात? नागपूरकडच्या एखाद्या बाईला ते वाचून रडू आलं तर ते आपल्याला कळायची काही सोय आहे का? यातल्या एकाचंही उत्तर मला येत नव्हतं. हे सगळं माझ्याही मनात आजवर आलं नव्हतं, आणि आता आलं तेव्हा लुगड्याआड उभी राहून मलाच रडू आलं. ते त्यांना दोरीच्या पलीकडून दिसलं असावं, कारण त्या दोरीखालून वाकून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, गोड काय करायचं?

मी म्हटलं, पेढे आणूया. पेढ्यांना त्यांची हरकत होती. पेढे पोरगा झाला की वाटतात, पास झालं की वाटतात. खीर बुद्धपौर्णिमेची. पुरणपोळी तर सगळ्याच सणांना पुरते. आमच्या घरात आजवर कुणाची गोष्ट छापून आलेली नव्हती. तेव्हा या आनंदाला आधी कशालाच न केलेलं काहीतरी पाहिजे होतं. “बिस्किटं करू,” आत्याबाई म्हणाल्या. हा त्यांचा माझ्यावरचा जीव होता यात शंका नाही. पण बिस्किट आतून कोरडं कसं होतं हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षं सतावत होता, हेही खरं. चहात बुडवलं की ते मोडतं तरी कसं आणि तोंडात विरघळतं तरी कसं, हे त्यांनी कॉलनीतल्या बायकांना एकेक करून विचारून झालं होतं. इतकी मोठी सबब त्यांना पुन्हा मिळाली नसती.

तेव्हा आमच्याकडे नानकटाई करायची म्हणजे मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीत न्यायची आणि भाजून आणायची अशी रीत होती. आत्याबाई स्टेशनाजवळच्या बेकरीत गेल्या तर भट्टी खचल्यामुळे बेकरी बंद. बेकरीवाले चाचा दारात खाट टाकून बसले होते, त्यांना दुसरा उद्योग नव्हता. आत्याबाई खाली बसल्या. चाचांनी आधी थोडक्यात सांगितलं, मग सविस्तर सांगितलं, मग त्यांचे वडील बेकरी कशी शिकले ते सांगितलं, आणि शेवटी उन्हं कलायला लागल्यावर, बहन, अब तुम जाओ, असं हात जोडून सांगितलं. या सगळ्यातून आत्याबाईंनी मुख्य सूत्र तेवढं बरोबर आणलं होतं. बिस्किटाला वरून आणि खालून, दोन्हीकडून आच लागते. “म्हंजी नव्या सुनंसारखं,” असं त्यांनी त्यावर स्वतःचं भाष्य केलं.

भट्टी नव्हती तर भट्टी करायची. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांनी शेगडी पेटवली, तीवर आमचं मोठं जर्मनचं पातेलं ठेवलं, आणि पदरातून वाळू काढून त्यात ओतली. छान बारीक, कोरडी वाळू. वाळूवर पालथी वाटी, वाटीवर ताटली, ताटलीत बिस्किटं, पातेल्यावर लोखंडी तवा आणि तव्यावर निखारे. वरून आच, खालून आच. ही मांडणी काही त्यांना चाचांनी सांगितलेली नव्हती. अर्धं त्यांनी रचलं होतं आणि अर्धं विज्ञानाच्या तासाला खिडकीखाली ऐकलेल्या कशावरून तरी घेतलं होतं. भट्टी तयार झाली तेव्हा लक्षात आलं की घरात मैदा नाही. रेशनवर मैदा मिळायची ती वेळ नव्हती. साखरही चहापुरती. मग कणीक घेतली, तीत शिरूरहून आणलेल्या शेंगदाण्यांचं कूट घातलं, गूळ किसला, सायीचं लोणी आणि थोडं वनस्पती तूप असं फेसलं. खायचा सोडा चिमूटभर घालायचा होता. आत्याबाईंनी चिमूटभर घातला, आणि आणखी घातला तर काय होतं ते बघावं म्हणून आणखी घातला.

काय होतं ते आम्हांला कळलं. पहिला घाणा ताटलीभर पसरून एकच मोठं, काळं बिस्किट तयार झालं. ते आत्याबाईंनी उलटंसुलटं करून बघितलं, मोडून बघितलं, आणि जिभेला लावून सोड्याचं मत कळल्यासारखी मान हलवली. दुसऱ्या घाण्याला त्यांनी सोडा वगळला. तो घाणा इतका कडक झाला की त्यांनी त्यातलं एक उंबऱ्यावर आपटलं. उंबऱ्याचा टवका निघाला. त्या आवाजानं हे उठून आले, बिस्किट बघितलं, काही न बोलता खिशात घातलं आणि परत जाऊन झोपले. आत्याबाई जराही नाराज नव्हत्या. दोन घाणे बिघडले याचा त्यांना खरं तर आनंदच झाला होता, कारण दोन प्रश्न सुटले होते. मीही पदर खोचून, घामानं थबथबून, कपाळाला कणीक लागलेली अशी हसत होते. कालपासून त्या कार्डातली शेवटची ओळ माझ्या मनात घोळत होती, तेवढ्यापुरती ती मी विसरले.

तिसऱ्या घाण्याच्या वेळी आत्याबाईंनी गोळे चपटे केले आणि एकदम थांबल्या. दुकानातल्या बिस्किटावर अक्षरं असतात, ती कसली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाव असतं. कुणाचं? ज्यांनी केलं त्यांचं. ते कशाला? आपण खाल्लं ते कुणी केलंय हे कळावं म्हणून. आत्याबाईंना हे फार आवडलं. इतकी वर्षं त्या बिस्किटांबरोबर माणसांची नावं खात होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता. मग त्यांनी आपल्या अंबाड्यातला आकडा काढला, पदराला पुसला आणि माझ्यापुढे धरला. “तुझं घाल.” मी म्हटलं, बिस्किटं तर तुम्ही केलीत. त्यावर त्या म्हणाल्या, की मी नुसतं इचारलंय. मग मी आकड्यानं एकेका बिस्किटावर एकेक अक्षर काढलं. सु, म, न. पुन्हा सु, म, न. ताटली भरली.

आबांची त्या दिवशी ड्युटी होती. ते घरी आले तेव्हा तिसरा घाणा उतरला होता, घरभर गुळाचा खरपूस वास होता आणि स्वयंपाकघरात धूर. त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि पातेल्यात डोकावून वाळू कुठून आणली ते विचारलं. आत्याबाईंनी सरळ सांगितलं. स्टेशनात लाल बादल्या टांगलेल्या असतात, त्यांतली. त्या बादल्या कशासाठी असतात हे त्यांनी आधी एका हमालाला विचारून घेतलं होतं. आग लागली तर टाकायला, असं तो म्हणाला. आत्याबाईंनी वाळूखाली आग टाकली, एवढाच फरक. आबांचा चेहरा पांढरा पडला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ऑफिसातली टाचणी घरी आणली नव्हती. ती वाळू चाळून, गार करून, आजच्या आज परत त्याच बादलीत जाईल, असं कबूल करून घेतल्याशिवाय ते खुर्चीवर बसले नाहीत.

काल दाखवायचा धीर झाला नव्हता ते कार्ड मग मी त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी चष्मा लावून वाचलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, ते मी स्पष्ट पाहिलं. त्यांनी गोष्ट कशाबद्दल आहे ते विचारलं. मी सांगितलं. हौसा नावाची भाजीवाली असते. भर बाजारात, गिऱ्हाईक समोर उभं असताना, वांग्यांची पाटी तशीच टाकून ती उठते, स्टँडवर जाते आणि समोर लागलेल्या गाडीत बसते. गाडी सुटते. तिथं गोष्ट संपते. आबांनी कार्ड मला परत दिलं. मग म्हणाले, छापू दे, चांगलंच आहे. पण आपलं नाव नको. ‘एक भगिनी’ असं छापा म्हणून कळव. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. रेल्वेच्या वाचनालयात ते मासिक येतं, ते सांगत होते. ऑफिसातले लोक वाचतील. घर टाकून निघून जाणारी बाई, आणि लिहिणारी यांची सून. लोक दोन आणि दोन चार करून मोकळे होतात. कसं कसं करून मिळवलेलं नाव आहे, ते लोकांच्या तोंडी जायला नको.

वाद घालायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि आबांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. माझ्या हाताला अजून गूळ चिकटलेला होता. मी मनात ‘एक भगिनी’ असं लिहून पाहिलं. दिसायला ते वाईट नव्हतं. फक्त ती भगिनी कोण ते मला ओळखू येईना.

आत्याबाई शेगडीतले निखारे चिमट्यानं बाजूला करत होत्या. त्यांनी माझी बाजू घेतली असं मी म्हणणार नाही. बाजू घेणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांना कुतूहल वाटलं, एवढंच. आबांना त्या लहानपणापासून बाळू म्हणत. त्यांनी विचारलं, “बाळू, आपली आजी गोष्टी सांगायची बघ. खळ्यावर. तुला सय हाय का?”

आबांना आठवत होतं. न आठवायला काय झालं, वडगावच्या वस्तीतली सगळी माणसं रात्री तिच्याभोवती जमत. ती गोष्ट सांगायला लागली की मळणीवरून दमून आलेली माणसंही निजत नसत. मोराची गोष्ट, भीमेच्या डोहातली गोष्ट, सात भावांची गोष्ट. आबा बोलायला लागले. त्यांना त्या गोष्टी जशाच्या तशा येत होत्या. त्यातली एक त्यांनी तिथंच थोडी सांगितलीसुद्धा, आणि विसरलेलं आत्याबाईंनी पुरवलं. खुर्चीवर बसलेला माझा कडक सासरा मला त्या वेळी पहिल्यांदा कुणाचा तरी नातू वाटला.

“तिचं नाव काय व्हतं रं?” आत्याबाईंनी विचारलं.

आबा सांगायला गेले आणि थांबले. आजी, ते म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, ती तर सगळ्यांचीच आजी असती. नाव काय? आबांनी डोळे मिटले. आजोबा तिला काय म्हणत ते आठवून पाहिलं; आजोबा तिला ‘अगं’ म्हणत. त्यांची आई सासूला, रीतीप्रमाणे, ‘आत्याबाई’ म्हणे. मग गावात काय म्हणायचे, असं आत्याबाईंनी विचारलं. विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण चिमटा तसाच हातात राहिला. गावात तिला ज्या नावानं हाक मारत, ते नाव आबांनी घेतलं नाही. आत्याबाईंनीही घेतलं नाही. ते नाव नव्हतंच, जातीवरून मारलेली हाक होती.

“मला खरंच म्हाईत न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या. “मला वाटलं तुला तरी आसंल. तू शिकल्याला.”

बाहेर शंटिंग चाललं होतं, डबे एकमेकांवर आदळत होते. आबा उठले, आतबाहेर दोन फेऱ्या घातल्या, परत बसले. नाव आठवण्यासाठी ते खरोखर धडपडत होते. वडगावचे कोण कोण म्हातारे अजून हयात आहेत ते बोटांवर मोजून झालं. ज्यांना ते नाव माहीत असायची शक्यता होती, त्यांतलं कुणीच उरलं नव्हतं. मग त्यांचं लक्ष ताटलीकडे गेलं. त्यांनी एक बिस्किट उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि हे काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, म. ते म्हणाले, हा भ दिसतो. भाजताना पसरला, मी म्हटलं. त्यांनी दुसरं उचललं, मग तिसरं. तिन्ही जवळ जवळ मांडून, चष्मा वर करून ते वाचलं. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी भ दिसणारा म तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले, कारण तिसरा घाणाही काही फार मऊ नव्हता.

“पूर्ण नाव लिहून पाठव,” ते म्हणाले. “आडनावासकट. आणि अक्षर नीट काढ. छापणाऱ्यानं भलतंच वाचायला नको.”

मग त्यांनी स्वतःच टेबल ओढलं, दौत आणि टाक काढून दिला, आणि मी लिहीत असताना माझ्या खांद्यावरून बघत उभे राहिले. ‘उलट टपाली’ म्हणजे आजच, असं त्यांचं म्हणणं होतं. आत्याबाईंना नाव काढून झालेलं बघायचं होतं. मी दाखवलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलट धरलं, सुलट धरलं, आणि यातली हौसा कुठं आहे म्हणून विचारलं. हौसा यात नाही, ही फक्त मी, असं मी सांगितलं. संध्याकाळी त्या दोघा बहीणभावांनी मिळून ती वाळू स्टेशनावर पोचवली. आबा चार पावलं मागून, ओळख नसल्यासारखे चालत होते.

अंक आला तो दिवाळीच्या थोडं आधी. मी तो घेऊन शिरूरला गेले. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून आत्याबाईंना गोष्ट वाचून दाखवली. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला सलग चार वाक्यं बोलू दिली नव्हती, ती अख्खी गोष्ट संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. हौसा गाडीत बसली. गाडी सुटली. मी अंक मिटला. आत्याबाई वाट बघत होत्या. मी म्हटलं, संपली. त्यांचा विश्वास बसला नाही. गाडी कुठली होती? मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. पण तुला तर म्हाईत आसंल? मी म्हटलं, मलाही नाही. लिहिणारीला सगळं माहीत असावं लागत नाही, असं काहीतरी मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आत्याबाईंना माझी काळजी वाटायला लागलेली दिसली. “मंग त्यांनी छापलीच कशी?” त्या हळूच म्हणाल्या.

त्यानंतर जेव्हा जेव्हा भेट होई तेव्हा त्या माझी, आबांची, यांच्या झोपेची विचारपूस करत आणि मग हौसाची. काही कळलं का, एवढंच. माझं तेच उत्तर. पुढं पुढं त्यांनी मला विचारणं सोडून दिलं. ते मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही. माझ्या नव्या गोष्टी छापून येत होत्या, पाठोपाठ दोन मुलं झाली होती. त्यानंतर दहाएक वर्षांनी एका थंडीत आत्याबाई गेल्या. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. दवाखान्यातल्या नर्सबाई सांगत होत्या, की सलाइनच्या बाटलीतलं पाणी थेंब थेंबच का पडतं, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं.

खोली आवरायला म्हणून मी शिरूरला गेले. आवरण्यासारखं फारसं नव्हतंच. संध्याकाळच्या गाडीला वेळ होता, म्हणून बाजारात भाजी घ्यायला थांबले. एका म्हाताऱ्या भाजीवालीनं मला निरखून बघितलं आणि तुम्ही शाळेतल्या मावशींच्या घरच्या का, असं विचारलं. मी हो म्हटलं. मावशी गेल्याचं तिला कळलं होतं. थोडा वेळ ती डोळे पुसत बसली. मग म्हणाली, तुम्ही दौंडला ऱ्हाता न्हवं? मग हौसाची गाठ पडत आसंल.

मला आधी कळेचना. ती सांगत गेली. हौसा इथंच या ओळीत बसायची म्हणे, पण ते हिच्या आधीचं. हिनं काही तिला पाहिली नव्हती. पाटी टाकून निघून गेली ती थेट दौंडला उतरली. पहिले दिवस फार हाल झाले. मग स्टेशनाजवळ एका खानावळीत पोळ्या लाटायला लागली. आता तिची स्वतःची छोटी खानावळ आहे, बहिणीची पोर शिकायला जवळ आणलीय. हे सगळं मावशी येऊन सांगायच्या. आठवड्याच्या बाजाराला आल्या की या ओळीतल्या सगळ्या बायका आधी हौसाचं विचारायच्या, मग भाव सांगायच्या. मागच्या खेपेला पोरीच्या दहावीचं काहीतरी होतं, ते मावशींनी अर्धवट सोडलं.

“आता मावशीबी न्हाईत,” भाजीवाली म्हणाली. “कशी हाय वो ती?”

लिहिणारीला सगळं माहीत असावं लागत नाही, हे मी तिलाही सांगू शकले असते. मी पिशवी खाली ठेवली.

“बरी आहे,” मी म्हटलं. “केस थोडे पिकलेत. पोरगी पास झाली.”

तिनं समाधानानं मान हलवली, वांगी तोलली आणि वर मूठभर कोथिंबीर टाकली. मग शेजारणीला हाक मारून, हौसाची पोरगी पास झाली गं, असं सांगितलं. ते ओळीत पुढं पुढं जात राहिलं.